मातीखालचे रबर

ज्या गृहस्थांविषयी हे लिहीत आहे, त्यांचे नाव मी येथे नमूद करणार नाही. नाव कागदावर चढले की माणसाला कुठे ना कुठे हजर राहावे लागते, असे ते स्वतःच म्हणत, आणि माझा आजवरचा अनुभव त्यांच्या म्हणण्यास पुष्टी देणारा आहे. कळंब शहरात तहसील कचेरीच्या समोरील रस्त्यावर मी अर्जनवीस म्हणून बसतो. वारसनोंद, शेतरस्त्याची हरकत, शिधापत्रिकेतील चुकलेले नाव, निराधारांचे मानधन, असा विषय नाही ज्यावर माझी लेखणी चाललेली नाही. परिस्थितीमुळे शिक्षण नववीवर थांबले. परंतु 'सदरहू' कुठे लिहावे आणि 'उपरोक्त' कुठे, हे मी भल्याभल्या पदवीधरांना समजावून दिलेले आहे. असे असूनही या एका माणसाची कैफियत मला आजतागायत नीट मांडता आलेली नाही. दर वेळी लिहावयास बसतो आणि दर वेळी विषयाच्या ओळीपाशीच अडतो.

ते माझे घरमालक. सगळा रस्ता त्यांना 'मालक' म्हणत असे, म्हणून मीही तेच म्हणतो. इमारत एकमजली. पुढची खोली माझी, मागच्या दोन खोल्या त्यांच्या, आणि दोघांच्या डोक्यावर एकच सपाट स्लॅब. माझ्या खोलीत पूर्वी त्यांचे सायकलींचे दुकान होते. भाड्याने सायकली देणे आणि पंक्चर काढणे, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. पुढे घरोघरी मोटारसायकली आल्या, दुकान बंद पडले, मी आलो. सायकली गेल्या, परंतु रबर काही त्यांच्या हातातून सुटले नाही. दाराच्या चौकटीला त्यांनी ट्यूबची पट्टी ठोकली होती, त्यामुळे दार उघडल्याचा आवाज होत नसे आणि पक्षकार एकाएकी माझ्या समोर प्रकट होत असे. खुर्चीच्या पायांना रबर, माठाच्या गळ्याला रबर. त्यांच्या चष्म्याची दोरीसुद्धा ट्यूबचीच चिंचोळी फीत होती.

मला ते 'वकीलसाहेब' म्हणत. मी वकील नाही, तशी मला सनद नाही, हे मी त्यांना प्रारंभीच स्पष्ट केले होते. त्यावर ते म्हणाले, "सनद त्यास्नी लागती, ज्यास्नी काय येत न्हाय." हा माझा गौरव होता की काय होते, ते कळले नाही. पुढे मी हरकत घेणे सोडून दिले.

"फुगवल्याशिवाय भोक कळत न्हाय," हे त्यांचे आवडते वाक्य. सायकलीच्या ट्यूबविषयी ते बोलत आहेत अशी माझी बरेच दिवस समजूत होती. एके दुपारी ते माझ्यासमोरच्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्यासारखं अक्षर सगळ्या तालुक्यात न्हाय."

मी विनयाने मान लववली.

"तुमी नसता तर ह्या कचेरीला कुलूपच लागलं असतं."

त्यातही काही अंशी तथ्य आहे, असे मी म्हणालो.

"तुमी जरा पुढं शिकला असता तर कलेक्टर तुमच्या हाताखाली असता."

"परिस्थिती आडवी आली, मालक. नाहीतर..." मी एवढेच बोललो, तोच त्यांनी आपला कान माझ्या छातीजवळ आणला, क्षणभर काहीतरी ऐकले, "हां, हितं हाय," असे म्हणाले आणि उठून आत निघून गेले. काय 'हितं' होते, ते मला पुष्कळ दिवस विचार करूनही उमगले नाही.

आता छताकडे येतो, कारण या माणसाची सगळी गुंतागुंत त्या छतावरच होती.

स्लॅब जुना होता आणि त्याला बारीक चिरा गेल्या होत्या. कोणी पत्रे टाका म्हणाले, कोणी डांबर ओता. मालकांनी कोणाचेच ऐकले नाही. त्यांनी सोलापूरहून माणसे आणून सबंध स्लॅबवर काळ्याभोर रबराची चादर अंथरून घेतली. कडा कठड्यावर वळवून चिकटवल्या, जोड दाबून बसवले. शेजारच्या बायका कुरडया वाळवायला मागू लागल्या, तर म्हणाले, "या, पर चपला खाली काढून. आन् पाट ठिऊ नगा, पाय टोचतेत त्याला." भर उन्हाळ्यात दुपारी ते अनवाणी वर जात, रबरावर हात ठेवत आणि खाली येऊन आजाऱ्याची खबर सांगावी तसे सांगत, "ताप हाय आज. सांजच्याला उतरंल."

एवढे प्रेम असलेल्या माणसाने त्या रबरावर मृगाच्या तोंडाला ट्रॉलीभर पांढरी माती आणून ओतली!

आमच्या भागातील जुनी घरे माळवदाची, म्हणजे लाकडावर मातीचे सपाट छप्पर. पावसाआधी त्यावर पांढरी माती पसरून तुडवावी लागते. पाणी पडले की ती फुगून चिरा बुजवते. मालकांचे बालपण ईट गावाजवळच्या एका खेड्यात अशाच माळवदाखाली गेलेले. मी त्यांना मुद्देसूद विचारले, "मालक, पाणी अडवण्यासाठी रबर असताना मातीचे प्रयोजन काय?"

"बनियान असलं म्हणून सदरा घालायचा न्हाय व्हय?"

"परंतु रबर उघडे राहिल्यास नुकसान काय?"

"मृगाला बोडकं छत? लोक काय म्हणतील!"

तेव्हापासून दर वर्षी हाच शिरस्ता पडला. जुनी माती खोऱ्याने ओढून काढायची, नवी टाकायची, तुडवायची. खाली बसून मला खोऱ्याचा खरखर आवाज ऐकू येई.

मालकांच्या पत्नी वारल्या होत्या. एकुलते चिरंजीव पुण्यात एका कंपनीत नोकरीस. स्वभावाने सालस, वडिलांना 'आण्णा' म्हणत. दर खेपेस येऊन एकच विनंती करीत, "आण्णा, चला आता. हितं एकटं कशापायी राहताय?" आणि दर खेपेस भांडण होई. एका दिवाळीत ते भांडण थेट माझ्या टेबलापर्यंत आले. मालकांनी माझ्या टेबलावर थाप मारून सांगितले, "ज्या दिशी हे छत गळंल, त्या दिशी म्या तुज्या गाडीत बसंन. तवर पुण्याचं नाव काढायचं न्हाय. वकीलसाहेब, तुमी साक्षीला."

"ठरलं," चिरंजीव म्हणाले.

मी साक्षीस होतो. पुढे जे घडले त्यात माझी अडचण झाली, ती यामुळेच.

श्रावणात झड लागली होती. माझ्यासमोर एक म्हातारी बसली होती, मानधन थांबल्याची तिची तक्रार होती. मी 'महोदय' लिहिले आणि त्या शब्दावर वरून टपकन थेंब पडला. म्हातारीने वर पाहिले.

"आगं बया! आजून म्या माझं गाऱ्हाणं सांगितलं बी न्हाय, आन् तुमचं छत आदीच रडाया लागलं!"

मी मालकांना हाक मारली. ते आले. कागदावरच्या थेंबाला त्यांनी बोट लावले आणि ते बोट जिभेवर ठेवले.

"हे पानी न्हाय. घाम हाय."

"छताला घाम, मालक?"

"एवढं मातीचं वझं उचलल्यावर तुमाला न्हाय येनार?"

म्हातारी म्हणाली, "मंग पंखा लावा की त्येला!"

ती गेल्यावर मालकांनी दार लावून घेतले. मघाचा चेहरा आता राहिला नव्हता. "वकीलसाहेब, पुण्याला कळता कामा नये," ते म्हणाले. "तितं म्या एकदा राहून आलोय. आपलं छत म्हंजी दुसऱ्याची फरशी. कोनतरी वर चालतंय, आपुन खाली ऐकायचं. वर जाऊन हात लावून बगायची सोय न्हाय. तितं म्या दिवसभर करू काय?" त्यांचा आवाज मी तेवढा खाली आलेला कधी ऐकला नव्हता.

शोध सुरू झाला. माझ्या टेबलावर घमेले ठेवून मी खाली बसलो आणि मालक वरून काठीने ठोकू लागले. "हितं?" वरून आवाज. "थोडे उजवीकडे," मी खालून. "कुनाच्या उजवीकडं?" ते पूर्वेस तोंड करून उभे होते आणि मी पश्चिमेस, हे आमच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आले. अखेर टेबलाच्या बरोबर वरची जागा सापडली. त्यांनी तेथील माती हाताने बाजूस केली, तर खाली रबर धडधाकट, नव्यासारखे काळे.

"भोक न्हाय," ते खाली येऊन म्हणाले.

मी विचारपूर्वक मत दिले की, ज्याअर्थी पाणी टेबलावर पडते, त्याअर्थी छिद्र टेबलाच्या वरच असले पाहिजे.

"पानी काय समन्स हाय व्हय वकीलसाहेब, दिल्या पत्त्यावर यायला?"

तरीही खबरदारी म्हणून त्यांनी त्या धडधाकट जागीच एक ठिगळ लावले. रबर ओले होते. दुसऱ्या दिवशी ते ठिगळ तव्यावरच्या पापडासारखे चहूबाजूंनी उचलले गेले आणि घमेल्यात थेंब पडतच राहिले. मालक त्या दिवशी जेवले नाहीत. मला तर काहीच समजेनासे झाले होते. भोक नाही तेथे ठिगळ, आणि ठिगळ असून गळती!

मग चार दिवस उघडीप मिळाली. मालकांनी सगळी माती उतरवली, छत धुतले आणि साबणाचे पाणी सर्वत्र पसरून ते अनवाणी, पाय दाबत दाबत चालू लागले. मलाही चपला काढून वर बोलावले. रबराखाली पाणी शिरले होते. पाय पडला की ते आतल्या आत इकडून तिकडे सरकत असे आणि तळव्याला कळत असे. माझ्या खोलीपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात, पाणी जाण्याच्या पन्हाळीपाशी, मालकांचा पाय पडला आणि साबणाचा एक बुडबुडा वर आला. त्यांनी पुन्हा दाबले. पुन्हा बुडबुडा.

"बोललं!" ते ओरडले.

खाली वाकून पाहिले तर नखाएवढी चीर. अर्धगोल. पाणी येथून आत शिरायचे, रबराखालून उतार धरून सरकायचे आणि स्लॅबला जेथे चीर असेल तेथून, म्हणजे माझ्या टेबलावर, उतरायचे. मालक त्या चिरेकडे बघत राहिले. मग कठड्याला टेकवलेले खोरे त्यांनी आणले आणि त्याचे टोक त्या चिरेवर हळूच ठेवले. ते तंतोतंत बसले.

मालक कठड्यावर बसले. खोऱ्याच्या टोकावरून बोट फिरवत म्हणाले, "रबराचा काय गुन्हा न्हाय." आणि थोड्या वेळाने, "मातीचा बी न्हाय."

दुरुस्ती मात्र त्यांनी अशी केली की मी पाहतच राहिलो. चिरेभोवतीची जागा आधी ओल्या, मग कोरड्या फडक्याने पुसली. आत अडकलेले पाणी हाताने रेटून जमेल तेवढे त्या चिरेतूनच बाहेर काढले. ऊन लागू दिले. पॉलिश पेपरने रबर घासून खरखरीत केले, पुन्हा पुसले. उरलेल्या चादरीचा तळहाताएवढा तुकडा कापला आणि त्याचे कोपरे कात्रीने गोल केले. "कोपरा ठिवला की तितनं उचकटतंय," म्हणाले. "मानसाचं बी तसंच." दोन्हीकडे पंक्चर चिकटवायचे सोल्युशन लावले आणि आम्ही दोघे नुसते बसून राहिलो. मला घाई झाली होती, खाली पक्षकार खोळंबले होते. ते दर थोड्या वेळाने बोटाची पाठ टेकवून बघत. "आजून चिकटतंय. बोटाला चिकटायचं थांबलं की एकमेकाला चिकटतंय," ते म्हणाले. मग तुकडा बसवला, घरातले लाटणे आणून मधून कडेकडे लाटला आणि सर्व बाजूंनी पुन्हा सोल्युशनचे बोट फिरवले. त्यानंतर त्यांनी माती टाकली नाही.

आमच्या गावात बातमीला मुद्रांक लागत नाही. समोरच्या चहावाल्याने कोणाला सांगितले, त्याने कोणाला सांगितले, आणि दोन दिवसांत चिरंजीव गाडी घेऊन दारात उभे. आल्या आल्या त्यांनी माझ्या टेबलाखाली सरकवलेले घमेले पाहिले.

"काका, खरं सांगा. छत गळतं का?"

मी अतिशय पेचात सापडलो. म्हणालो, "सदर बाब चौकशीअधीन आहे."

ते हसले. तेवढ्यात मालक आतून आले. "त्यास्नी कशाला इचारतोस? छताला इचार. आज तळं करतो वर. पडला एक थेंब, तर आलो तुज्यासंगं. न्हाय पडला, तर परत हा इषय न्हाय."

पन्हाळीच्या तोंडात बोळा कोंबला, बोअरची मोटार चालू केली आणि छतावर घोट्याएवढे पाणी भरले. चिरंजीव माझ्या खुर्चीवर, वर तोंड करून. मालक वर, पाण्यात उभे. मी दारात. आत पाहिले तर लेक दिसे, बाहेर मान काढली तर कठड्यावरून डोकावणारा बाप.

"पडतंय का रं?"

"न्हाय आण्णा."

दुपार कलली. कचेरीतील माणसे चहाला येऊन चौकशी करून गेली. चहावाला म्हणाला, "मालक, मासे सोडा की वर!" मालकांनी तिकडे लक्ष दिले नाही. दर थोड्या वेळाने वरून तोच प्रश्न आणि खालून तेच उत्तर. प्रत्येक खेपेस प्रश्न विचारण्याआधी मालक थोडे थांबत, ते थांबणे मला दारातून दिसत होते. कठड्यावरची त्यांची बोटे घट्ट असत.

आणि थेंब पडला. टेबलावर नाही, चिरंजीवांच्या आकाशी सदऱ्यावर, उजव्या खांद्यावर. रुपयाएवढा गडद डाग उमटला. ते दचकले. त्यांनी खांद्याकडे पाहिले, वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मी साक्षीदार होतो. माझे तोंड उघडलेही होते. त्यांनी हाताचा पंजा किंचित वर करून मला थांबवले.

"पडतंय का रं?" वरून आवाज आला.

"न्हाय आण्णा. कोरडं हाय. खणखणीत!"

दिवस कलता मालकांनी बोळा काढला आणि ओल्या पायांनी खाली आले. छत निरखले. टेबल निरखले. मग त्यांची नजर लेकाच्या खांद्यावर आली आणि तेथेच थांबली.

"जिंकलात आण्णा," चिरंजीव उठून म्हणाले. "परत न्हाय म्हणायचो. म्या येत जाईन हितंच."

मालकांनी पुढे होऊन त्या ओल्या डागावर तळहात ठेवला. तो काढण्याची त्यांना घाई दिसली नाही. मग ते आत गेले. चिरंजीव मला दबक्या आवाजात म्हणाले, "काका, कुणाला बोलू नका. राहू द्या त्यांना हितं."

मालक बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बॅग होती.

"चल."

"कुठं, आण्णा?"

"कुठं म्हंजी? पुन्याला."

"आवं, पण छत गळत न्हाय ना!"

"न्हायच गळत. ऊठ, गाडी काढ. उजेड हाय तवर बार्शी गाठू."

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले, जणू या प्रकरणाचे सगळे कागद माझ्याजवळ आहेत. माझ्याजवळ काहीच नव्हते. थेंब पडला म्हणून गेले म्हणावे, तर पडल्याचे ते कबूल करीत नाहीत. पडला नाही म्हणावे, तर जाण्याचे कारण नाही. हरले म्हणावे तर बॅग उचलताना चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता. गाडीत बसताना त्यांनी वर छताकडे एकदाही पाहिले नाही, हेही मला चमत्कारिकच वाटले.

परतीचा पाऊस त्या वर्षी जोराचा झाला. रस्त्यावर गुडघाभर पाणी, कचेरीत वीज नाही, आणि मी खुर्चीत बसून वर पाहत होतो. छत कोरडे होते. थेंब नाही, ओल नाही, डागसुद्धा नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"वकीलसाहेब, पाऊस हाय का तिकडं?"

"आहे मालक. जोराचा आहे."

"आन् छत?"

कोरडे आहे म्हणालो, तर आपण उगाच गाव सोडले असे या माणसाला वाटेल, अशी भीती मला वाटली. मी म्हणालो, "थोडे थोडे गळते आहे."

ते मोठ्याने हसले. "आवं वकीलसाहेब, ठिगळ म्या लावलंय ते. कसं गळंल?"

"मग त्या दिवशी चिरंजीवांच्या खांद्यावर जो पडला, तो?"

"ते आदीचं साचल्यालं पानी. रबराखाली व्हतं, ते निघून जानारच व्हतं. मला ठावं व्हतं की."

"ठाऊक होते? मग मालक, तुम्ही गेलात कशासाठी?"

पलीकडून भांड्यांचा आवाज आला, कोणीतरी दुरून काहीतरी विचारले. फोन तोंडापासून लांब धरून मालक म्हणाले, "आलो रं, आलो! तू घे की जेवून. माज्यासाटी कशाला थांबतूस?"

एवढे होऊन फोन बंद झाला. माझ्या प्रश्नाचे उत्तर अद्याप येणे आहे.